औद्योगिक प्रशिक्षण (हॉटेल व्यवस्थापन)

औद्योगिक प्रशिक्षण हा हॉटेल व्यवस्थापन, आतिथ्य अभ्यास आणि पाककला या विषयांच्या पदवी व पदविका अभ्यासक्रमांचा अनिवार्य भाग आहे. या काळात विद्यार्थी काही महिने एखाद्या हॉटेलात प्रत्यक्ष काम करतो. विद्यार्थ्यांच्या बोलण्यात त्यास 'ट्रेनिंग' किंवा 'आयटी' म्हणतात. शासकीय मराठीत 'आंतरवासिता' आणि 'कार्यप्रशिक्षण' हे शब्दही रूढ आहेत. प्रशिक्षण पूर्ण झाल्याशिवाय पदवी मिळत नाही, परंतु अनेक ठिकाणी त्याबद्दल विद्यावेतन दिले जात नाही किंवा नाममात्र दिले जाते. त्यामुळे प्रशिक्षणार्थी हा विद्यार्थी मानावा की कामगार, हा या विषयातील मुख्य वादाचा मुद्दा आहे.

पार्श्वभूमी

स्वयंपाक व आतिथ्य ही कामे भारतात पूर्वी घराण्यात, आचाऱ्याच्या हाताखाली किंवा खानावळीत शिकली जात. मुंबईच्या उडुपी उपाहारगृहांत काम करणारी अनेक मुले दिवसा काम व रात्री रात्रशाळा अशा पद्धतीने शिकत. त्या व्यवस्थेत मोबदला तुटपुंजा असला तरी काम आणि शिक्षण यांचे हिशेब वेगळे होते. कामाचे पैसे मालक देई आणि शिक्षण शाळेत होई.

औपचारिक शिक्षणाची परंपरा युरोपात सुरू झाली. स्वित्झर्लंडमधील लोझान येथे १८९३ मध्ये हॉटेल व्यवसायाचे विद्यालय स्थापन झाले. भारतात १९५४ मध्ये अखिल भारतीय महिला केंद्रीय अन्न परिषदेने लीलावती मुन्शी यांच्या पुढाकाराने मुंबईत अशी संस्था सुरू केली. दादर येथील ही संस्था आज हॉटेल व्यवस्थापन, केटरिंग तंत्रज्ञान व उपयोजित पोषण संस्था या नावाने ओळखली जाते. पुढे १९८२ मध्ये राष्ट्रीय हॉटेल व्यवस्थापन व केटरिंग तंत्रज्ञान परिषद स्थापन झाली. ही परिषद केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या अखत्यारीतील स्वायत्त संस्था असून संलग्न संस्थांचा अभ्यासक्रम ठरवते. याखेरीज राज्यातील विद्यापीठांचे स्वतंत्र पदवी अभ्यासक्रम आहेत, तसेच औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये (आयटीआय) खाद्योत्पादनासारखे व्यवसाय शिकवले जातात.

अभ्यासक्रम विद्यापीठीय झाल्यावर हॉटेलातील अनुभव हा त्याचाच एक भाग बनला. त्यामुळे काम व शिक्षण यांचे पूर्वी वेगळे असलेले हिशेब एकत्र आले. विद्यार्थी ज्या सत्राचे शुल्क महाविद्यालयात भरतो, त्याच सत्रात तो हॉटेलात पूर्ण वेळ काम करतो.

स्वरूप

राष्ट्रीय परिषदेच्या पदवी अभ्यासक्रमात हे प्रशिक्षण साधारणतः दुसऱ्या वर्षाच्या एका सत्रात होते आणि त्याचा कालावधी सुमारे १७ आठवडे असतो. विद्यार्थ्याने पुढील चार मुख्य विभागांत आळीपाळीने काम करणे अपेक्षित असते:

• खाद्योत्पादन, म्हणजे स्वयंपाकघर
• खाद्य व पेय सेवा
• स्वागतकक्ष, म्हणजे फ्रंट ऑफिस
• गृहव्यवस्था, म्हणजे हाउसकीपिंग

प्रत्येक विभागात काय शिकावे याची यादी अभ्यासक्रमात दिलेली असते. विद्यार्थी रोजच्या कामाची नोंद लॉगबुकात ठेवतो, विभागप्रमुख त्याचे मूल्यमापन करतात आणि महाविद्यालयात परतल्यावर त्याला अहवाल व तोंडी परीक्षा द्यावी लागते.

प्रत्यक्षात विभागांची अदलाबदल हॉटेलच्या गरजेवर अवलंबून राहू शकते. लग्नसराईत किंवा नाताळच्या हंगामात मेजवानी विभागाला माणसे कमी पडतात. अशा वेळी स्वागतकक्षासाठी ठरलेले आठवडे ताटे लावण्यात व उचलण्यात जाण्याची शक्यता असते. स्वयंपाकघरात पहिले काही दिवस भाज्या सोलणे, कांदा चिरणे, साहित्य मांडून ठेवणे अशी कामे दिली जातात. ही पूर्वतयारी पाककलेचा पाया मानली जाते. मात्र संपूर्ण प्रशिक्षण तेवढ्यातच संपले तर अभ्यासक्रमाचा उद्देश सफल होत नाही.

हॉटेल व्यवसायात पाळ्या असतात. सकाळ, दुपार व रात्र यांखेरीज 'ब्रेक शिफ्ट' ही पद्धत प्रचलित आहे. तीत दुपारच्या जेवणाची वेळ संपल्यावर काही तासांची सुटी देऊन रात्रीच्या जेवणासाठी पुन्हा बोलावले जाते. कामाचे तास आठ-नऊ धरले तरी विद्यार्थ्याचा पूर्ण दिवस त्यात अडकतो. कामावर असताना जेवण व गणवेश हॉटेलकडून मिळण्याची प्रथा आहे. निवासाची सोय मात्र ठिकाणानुसार बदलते.

पनवेल परिसर

पनवेल हे रायगड जिल्ह्यातील शहर मुंबई, पुणे आणि कोकण यांच्या वाटेवर वसलेले आहे. मुंबई–पुणे द्रुतगती महामार्ग शहराला लागून असलेल्या कळंबोलीपासून सुरू होतो, तर कोकणातून गोव्याकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ६६ चा आरंभ पनवेल येथे होतो. महामार्गावरील उपाहारगृहे, खारघर व नवीन पनवेल येथील हॉटेले आणि तालुक्यातील रिसॉर्ट यांमुळे आतिथ्य व्यवसाय हे येथील रोजगाराचे परिचित साधन आहे. १ ऑक्टोबर २०१६ रोजी स्थापन झालेल्या पनवेल महानगरपालिकेत खारघर, कामोठे, कळंबोली आदी वसाहतींचा समावेश झाला. नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तेथून प्रवासी वाहतूक सुरू झाली.

हॉटेल व्यवस्थापन शिकवणाऱ्या संस्था पनवेललगतच्या नवी मुंबई पट्ट्यात तसेच मुंबई व पुणे येथे आहेत. मोठी तारांकित हॉटेले मात्र प्रामुख्याने मुंबईत व तिच्या विमानतळ परिसरात एकवटली आहेत. पनवेल ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हा हार्बर मार्गावरील लोकल प्रवास सुमारे ८० मिनिटांचा आहे. त्यामुळे पनवेलहून दक्षिण मुंबईत प्रशिक्षणास जाणाऱ्या विद्यार्थ्याचे रोज जवळजवळ तीन तास केवळ लोकलमध्ये जातात. रात्रपाळी शेवटच्या लोकलनंतर संपली तर पहाटेपर्यंत थांबणे, रिक्षा-टॅक्सीचा खर्च करणे किंवा मुंबईत भाड्याने राहणे एवढेच मार्ग उरतात. विद्यावेतन नसल्यास हा खर्च कुटुंबावर पडतो. घरापासून दूर राहण्याचा खर्च ज्यांना पेलवत नाही, ते विद्यार्थी नामांकित हॉटेलऐवजी जवळचे हॉटेल निवडतात. पुढील नोकरीच्या वेळी प्रशिक्षणाचे ठिकाण विचारात घेतले जात असल्याने या निवडीचा परिणाम दीर्घकाळ टिकू शकतो.

कायदेशीर स्थान

शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ हा या क्षेत्रातील महत्त्वाचा कायदा आहे. त्यानुसार आस्थापना व उमेदवार यांच्यात लेखी करार होऊन त्याची नोंदणी करावी लागते. शिकाऊ उमेदवार हा कामगार नसून प्रशिक्षणार्थी आहे, असे कायदा स्पष्ट करतो. तरीही त्याला विहित किमान विद्यावेतन देणे बंधनकारक ठरवतो. कामाच्या नगांवर मोबदला देण्यास मनाई आहे आणि प्रशिक्षणात इजा झाल्यास भरपाईची जबाबदारी आस्थापनेवर आहे. २०१४ च्या दुरुस्तीने बिगर-अभियांत्रिकी शाखांचे पदवीधरही कायद्याच्या कक्षेत आले. २०१९ च्या नियमांनुसार ३० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांनी मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणे आवश्यक आहे. त्याच नियमांत दरमहा किमान विद्यावेतन ५,००० ते ९,००० रुपये ठरले; पदवी संस्थांतील सँडविच अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यांसाठी ते ८,००० रुपये होते. केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने मे २०२५ मध्ये या दरांत ३६ टक्के वाढीची शिफारस केली.

हा लाभ नोंदणीकृत करार असणाऱ्यासच मिळतो. महाविद्यालयाच्या पत्रावर हॉटेलात रुजू झालेल्या विद्यार्थ्याचा असा करार नसेल, तर तो कायद्याच्या अर्थाने 'शिकाऊ उमेदवार' ठरत नाही. दुसरीकडे, अभ्यासक्रमाचा भाग म्हणून आल्यामुळे हॉटेल त्याची गणना कर्मचाऱ्यांतही करत नाही. महाराष्ट्रात हॉटेले व उपाहारगृहे हा किमान वेतन अधिनियम, १९४८ खालील अनुसूचित उद्योग होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या अधिनियमाची जागा वेतन संहिता, २०१९ ने घेतली. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ मध्ये कामाचे तास, साप्ताहिक सुटी, जादा कामाचा दुप्पट मोबदला आणि रात्री साडेनऊनंतर काम करणाऱ्या महिलांच्या संमती व सुरक्षिततेविषयी तरतुदी आहेत. या तरतुदी कामगारांसाठी असल्याने विनाकरार विद्यार्थ्याला त्यांचा आधार सहज घेता येत नाही. अशा प्रकारे कराराने संरक्षित शिकाऊ उमेदवार आणि वेतनी कामगार या दोहोंच्या मधल्या जागेत हा विद्यार्थी राहतो.

याला एक ठळक अपवाद आहे. कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ (प्रतिबंध, मनाई व निवारण) अधिनियम, २०१३ मध्ये 'कर्मचारी' या संज्ञेत प्रशिक्षणार्थी व शिकाऊ उमेदवार यांचा समावेश असून मोबदला मिळतो की नाही, याला महत्त्व नाही. म्हणून विनावेतन प्रशिक्षण घेणारी विद्यार्थिनीही हॉटेलच्या अंतर्गत समितीकडे तक्रार करू शकते.

शासकीय योजना

राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजना ऑगस्ट २०१६ मध्ये सुरू झाली. तीनुसार विद्यावेतनाचा २५ टक्के वाटा, कमाल दरमहा १,५०० रुपयांपर्यंत, केंद्र शासन उचलते. पर्यटन मंत्रालयाच्या 'हुनर से रोजगार तक' या २००९-१० मधील योजनेतून अल्पशिक्षित तरुणांना आतिथ्य व्यवसायाचे अल्पमुदतीचे मोफत प्रशिक्षण दिले गेले.

महाराष्ट्र शासनाच्या २०२४ मधील मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेत बारावी उत्तीर्णांना दरमहा ६,०००, आयटीआय व पदविकाधारकांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये विद्यावेतन ठरवण्यात आले. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आंतरवासिता योजनेत दरमहा ५,००० रुपयांची तरतूद होती. तथापि या दोन्ही योजना पूर्णवेळ शिक्षण चालू असलेल्यांसाठी नाहीत. परिणामी शिक्षण संपवून अनुभव घेणाऱ्यास विद्यावेतन मिळू शकते, तर तोच अनुभव पदवीची अट म्हणून घेणारा विद्यार्थी या योजनांच्या बाहेर राहतो.

मतमतांतरे

विनावेतन प्रशिक्षणाच्या समर्थनार्थ असे मांडले जाते की, पहिल्या काही आठवड्यांत विद्यार्थ्याच्या कामापेक्षा त्याला शिकवण्यात जाणारा वेळ व वाया जाणारे साहित्य यांचा खर्च अधिक असतो. महाविद्यालयाच्या प्रात्यक्षिक स्वयंपाकघरात शेकडो पाहुण्यांच्या मेजवानीचा अनुभव देता येत नाही. शिवाय प्रशिक्षण काळात चांगले काम करणाऱ्यांना पुढे नोकरी मिळण्याची शक्यता वाढते.

विरोधी मतानुसार, काम शिकून झाल्यावर विद्यार्थी नेहमीच्या कर्मचाऱ्याची जागा भरतो आणि ग्राहकाकडून त्या सेवेचे पूर्ण मूल्य घेतले जाते. प्रत्येक सत्रात नवी तुकडी येत असल्याने कायम पदे भरण्याची निकड कमी होते. त्याचा फटका वेतनी कामगारांनाही बसतो. प्रशिक्षणाचे गुण हॉटेलच्या हाती असल्यामुळे जादा तासांविषयी विद्यार्थी तक्रार करण्यास कचरतात. तुलनेसाठी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतील आंतरवासितेचे उदाहरण देता येते. तीही पदवीची अट आहे, परंतु तेथील आंतरवासींना विद्यावेतन मिळते. त्यामुळे 'अभ्यासक्रमाचा भाग म्हणून विनामोबदला' हा नियम अपरिहार्य नसल्याचे दिसते.

अन्य देशांतील स्थिती

फ्रान्समध्ये दोन महिन्यांहून अधिक काळ चालणाऱ्या आंतरवासितेसाठी किमान मोबदला सक्तीचा आहे. युनायटेड किंग्डममध्ये मात्र उच्च शिक्षणाचा भाग असलेल्या एक वर्षापर्यंतच्या प्रशिक्षणास राष्ट्रीय किमान वेतन लागू होत नाही. अमेरिकेत एका चित्रपट कंपनीतील आंतरवासींच्या खटल्यात २०१५ मध्ये अपील न्यायालयाने 'मुख्य लाभ कोणाला' ही कसोटी मांडली आणि २०१८ मध्ये तेथील श्रम विभागाने ती स्वीकारली. काम अभ्यासक्रमाशी जोडलेले आहे का आणि ते वेतनी कर्मचाऱ्याच्या कामाला पूरक आहे की त्याची जागा घेते, हे प्रश्न त्या कसोटीत येतात. डेन्मार्कमधील कोपनहेगन येथील नोमा हे जगप्रसिद्ध उपाहारगृह दीर्घकाळ विनावेतन प्रशिक्षणार्थींवर अवलंबून होते. ऑक्टोबर २०२२ पासून त्याने त्यांना वेतन देणे सुरू केले.

हेही पाहा

• शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१
• विद्यावेतन
• किमान वेतन
• औद्योगिक प्रशिक्षण संस्था
• पनवेल