उंदीर पडले की गाव सोडा

घरात उंदीर मरून पडू लागले की गाव खाली करायचं, शेतात झोपड्या टाकायच्या आणि साथ ओसरल्यावरच परतायचं, हा प्लेगच्या काळात महाराष्ट्रात रूढ झालेला रिवाज. विदर्भातल्या राळेगावसारख्या ज्वारी-कापसाच्या मुलखात त्याचं मोल विशेष, कारण धान्य घरात आणि धान्यापाशी उंदीर.

या रिवाजामागच्या निरीक्षणाची जुनी लेखी नोंद बादशहा जहांगीराच्या आत्मचरित्रात आहे. १६१९ च्या सुमारास आग्र्यात प्लेगची साथ होती. आसफखान या सरदाराच्या मुलीने तिच्या घरची हकिकत सांगितली. अंगणात एक उंदीर झिंगल्यासारखा धडपडत आला. मांजरीने तो तोंडात धरला आणि लगेच टाकला. पुढे मांजरच आजारी पडली. तिला तिर्याक, म्हणजे विषावरचा उतारा, चारायला तोंड उघडलं तर टाळू आणि जीभ काळी पडलेली. मग एका दासीला ताप आला, गाठ आली. माणसं भराभर दगावू लागली, तेव्हा सारे घर सोडून बागेत गेले. आधीच आजारी असलेले तिथे मेले, पण बागेत नव्याने कुणाला गाठ आली नाही. आठ-नऊ दिवसांत १७ जण गेले.

त्या काळी हकीम आणि युरोपातले वैद्य दोघेही दोष दूषित हवेला देत. या घराने मात्र उंदीर पाहिला आणि जागा बदलली.

१८९६ मध्ये मुंबईच्या मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. पुढच्या वर्षी पुण्यात रुग्ण शोधण्यासाठीच्या सक्तीच्या घरझडत्यांनी लोक संतापले. १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ यांनी प्लेग माणसाला कसा लागतो हे कोडं सोडवलं: उंदीर मेला, अंग थंड पडलं की पिसवा त्याला सोडून दुसरं रक्त शोधतात आणि माणसाला चावतात. त्यांचं म्हणणं मान्य व्हायला बरीच वर्षं लागली. पण घर सोडणारे लोक नकळत पिसवांपासूनच दूर जात होते.

१९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात माणसांना गाठी येण्याआधी उंदीर पडले होते. आज प्रतिजैविकं आहेत, गाव सोडायची वेळ सहसा येत नाही. पण मेलेल्या उंदरांचा खच दिसला तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळवावं. साथीची पहिली खबर दवाखान्याआधी घरात पोहोचते, आणि ती वेळेवर पुढे जाणं घरच्यांच्याच हाती असतं.