दिव्याखालचीं रोपें

आश्विन शुद्ध प्रतिपदेला घट बसतो. पत्रावळीवर काळी माती पसरून तींत गहूं, जव, ज्वारी अशीं धान्यें पेरतात, मध्यें कलश ठेवतात, आणि शेजारीं नऊ दिवस नंदादीप तेवत राहतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशीं अंकुर वर येतात. दसऱ्यापर्यंत ते वीतभर वाढतात, आणि घरांतील पुरुष टोपींत, बायका वेणींत ते खोवतात. ह्या अंकुरांचा फिकट पिवळा रंग आणि नाजूक, लवलवता बांधा मराठी घरांत सर्वांच्या परिचयाचा आहे. किंबहुना तोच शुभ मानला जातो. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनें मात्र ती उपासमारीची खूण होय. देवघराच्या कोपऱ्यांत उजेड नाहीं, म्हणून उजेडाच्या शोधांत अंकुर उंच धांवतो. पान हिरवें व रुंद करण्याची त्याला सवड मिळत नाहीं. शेजारींच अहोरात्र दिवा जळत असतो खरा, पण तेवढ्या प्रकाशावर रोपाचें पोट भरत नाहीं. धान्याच्या पोटांतील शिदोरी आहे तोंवर ही वाढ चालते. दसरा उलटल्यावर तीं रोपें टिकत नाहींत, आणि तीं टिकावीं अशी कोणाची अपेक्षाही नसते.

टोमॅटो, मिरची, वांगें ह्यांच्या रोपांविषयीं मात्र ती अपेक्षा असते, आणि तेथेंच मुंबईच्या उपनगरांतील गृहस्थांची पंचाईत होते. दिंडोशीचेंच उदाहरण घ्यावें. मालाड आणि गोरेगांव ह्यांच्या पूर्वेस, राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगराशीं लगटून असलेलें हें एके काळचें खेडें. शेजारीं १९४९ सालची आरे दुग्धवसाहत आणि १९७७ सालीं राज्य सरकारनें उभारलेली चित्रनगरी. मृणाल गोरे व त्यांचे सहकारी ह्यांच्या दीर्घ लढ्यांतून नागरी निवाऱ्याचीं घरें उभीं राहिलीं तींही येथेंच. आतां त्या भोंवतीं उंच इमारती चढल्या आहेत, आणि एखाद्या खिडकीला ऊन किती मिळावें हें सूर्यापेक्षां शेजारची भिंतच अधिक ठरविते. त्यांत मुंबईचें पंचांग असें कीं, हिंवाळी भाजीचीं रोपें पाऊस सरतांच कुंडींत लावावयाचीं तर बीं श्रावण-भाद्रपदांतच पेरावें लागतें. आणि जुलै-ऑगस्टांत ह्या शहराला सूर्यदर्शन घडतें तें सरासरीनें दिवसाकाठीं जेमतेम अडीच तास. खिडकींतल्या पेल्यांत टोमॅटोचीं रोपें सुतासारखीं उंच होतात, एका बाजूला झुकतात आणि पहिल्या वाऱ्याला आडवीं होतात. अशा वेळीं गृहिणीची नजर साहजिकच भिंतीवरच्या विजेच्या दिव्याकडे वळते.

दिव्याच्या उजेडावर झाड वाढेल काय, हा प्रश्न तसा जुना आहे. हिरवें पान हवा शुद्ध करतें तें केवळ उजेडांत, अंधारांत नव्हे, ही गोष्ट यान इंगेनहाउस नांवाच्या डच वैद्यानें १७७९ सालीं लंडनजवळ प्रयोग करून सिद्ध केली. तो उजेड सूर्याचाच असला पाहिजे कीं काय, ह्याचें उत्तर मिळण्यास पुढें ऐंशी वर्षें लागलीं. १८६१ सालीं एर्व्हे माँगों ह्या फ्रेंच शास्त्रज्ञानें विजेच्या आर्क दिव्यासमोर रोपें ठेवून त्यांच्या पानांत हिरवा रंग उतरतो असें दाखविलें. हा आर्क दिवा म्हणजे कोळशाच्या दोन कांड्यांच्या टोकांमधून उडणारी विजेची प्रखर ज्योत. डोळ्यांना सहन न होणारी, फुसफुसणारी, आणि कांड्या सारख्या झिजत असल्यामुळें माणसाला जवळ अडकवून ठेवणारी.

हा प्रयोग खऱ्या अर्थानें तडीस नेला तो विल्यम सीमेन्स ह्यांनीं. लंडनहून तेहरानमार्गें हिंदुस्थानाकडे आलेली १८७० सालची तारायंत्राची ओळ ज्या सीमेन्स बंधूंनीं उभारली, त्यांपैकींच हे एक. इंग्लंडांतील टनब्रिज वेल्स येथील आपल्या घराच्या बागेंत त्यांनीं मोहरी, गाजर, घेवडा, काकडी, खरबूज ह्यांच्या कुंड्या घेतल्या आणि त्यांचे चार गट केले. एक अंधारांत, एक फक्त विजेच्या दिव्याखालीं, एक फक्त उन्हांत, आणि चौथा दिवसा उन्हांत व रात्रीं दिव्याखालीं. १८८० च्या मार्चमध्यें रॉयल सोसायटीपुढें त्यांनीं निष्कर्ष मांडले. अंधारांतलीं रोपें पिवळीं पडून मेलीं; हीं आपल्या घटांतलींच भावंडें. दिव्याखालचीं फिकट हिरवीं पण जोमदार निघालीं, उन्हांतलीं त्याहून गडद, आणि दोन्ही उजेड लाभलेलीं सर्वांत तरतरीत. रोपाला रात्रीची झोंप हवीच असा जो समज होता तो येथें पुष्कळसा डळमळला. दुसरीही एक गोष्ट सीमेन्स ह्यांच्या ध्यानांत आली. उघडी ज्योत रोपांच्या जवळ आणली कीं पानें करपत. मध्यें साध्या कांचेचें तावदान धरलें कीं तीं बचावत. ज्योतींतील अदृश्य जंबुपार किरण कांच अडवीत असे.

मुंबईनें विजेचा दिवा पाहिला तो दोनच वर्षांनीं, १८८२ सालीं, आणि तोही भाजीवरच. क्रॉफर्ड मार्केटांत, म्हणजे आजच्या महात्मा जोतीबा फुले मंडईंत, नगरपालिकेनें एका कंपनीशीं करार करून विजेचे दिवे लावविले. पुढें लवकरच त्या कंपनीचें दिवाळें वाजलें आणि मंडई पुन्हां गॅसच्या उजेडाकडे वळली. त्या दिव्यांखालच्या भाज्या अर्थात् खुडून आणलेल्या होत्या. त्यांना त्याचा काय उपयोग! इकडे अमेरिकेंत कॉर्नेल विद्यापीठाच्या लिबर्टी हाइड बेली ह्यांनीं १८९१ सालीं कांचगृहांत आर्क दिव्याचे प्रयोग प्रसिद्ध केले. सॅलडचा पाला दिव्यानें लवकर तयार होतो असें त्यांना आढळलें. परंतु कांहीं पिकांना तोच दिवा बाधतो हेंही त्यांनीं प्रांजळपणें नमूद केलें. एकंदरींत आर्क दिवा बागवानाच्या आवांक्यांतला कधींच झाला नाहीं. तो रमला नाटकगृहांत आणि पुढें सिनेमाच्या स्टुडिओंत. मालाडला १९३४ सालीं बॉम्बे टॉकीज निघाली तें युग ह्याच प्रखर दिव्यांचें. चित्रनगरीच्या कुशींत राहणाऱ्या दिंडोशीकरांना रात्रीचा दिवस करणाऱ्या उजेडाचें म्हणूनच नवल वाटूं नये.

त्यानंतर घरोघर आला तो तारेचा गोळा. बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय ही कंपनी १९२९ सालीं स्थापन झाली आणि उपनगरांत वीज पसरूं लागली. पण ह्या गोळ्यांत वीज शंभर भाग घातली तर उजेड पडतो जेमतेम पांच भाग, बाकीची उष्णता. रोपाजवळ नेला तर तें भाजतें, दूर ठेवला तर उपाशी राहतें. तरीही एका कामासाठीं त्याची किंमत वाढली. गार्नर आणि ॲलर्ड ह्या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं १९२० सालीं असें दाखविलें कीं, कित्येक वनस्पति फुलण्यापूर्वीं दिवसाची लांबी मोजतात. तंबाखूच्या एका दांडग्या जातीला हिंवाळ्याचा आंखूड दिवस मिळाल्याविना फूलच येईना. आपली शेवंतीही ह्याच पंथाची. रात्रीं मध्येंच थोडा उजेड दाखविला कीं रात्र लांबली नाहीं असें तिला वाटतें, आणि ती कळी धरीत नाहीं. ही फसवणूक मंद दिव्यानेंही साधते. कारण येथें दिवा अन्न पुरवीत नाहीं, केवळ निरोप पोंचवितो. रोप वाढविण्यासाठीं मात्र निरोप पुरत नाहीं, भाकरीच लागते. बाजारांत दिवा घेतांना हा भेद बहुधा विसरला जातो.

१९३८ सालीं अमेरिकेंत प्रकाशनळ्या विक्रीस आल्या. आपल्याकडे ‘ट्यूबलाइट’ म्हणून मंदबुद्धीच्या माणसाची थट्टा होते, ती चोक-स्टार्टरच्या ह्याच नळीवरून. परंतु रोपाच्या दृष्टीनें नळी गुणी ठरली. ती फारशी तापत नाहीं, म्हणून पानापासून वीतभर अंतरावर टांगतां येते. आणि ती लांब असल्यामुळें उजेड सबंध ट्रेवर सारखा पसरतो. तळघरांत, फळीवर, नळ्यांखालीं रोपें करण्याचा प्रघात परदेशांत ह्याच नळीनें पाडला. १९६० नंतर मुद्दाम वनस्पतींसाठीं म्हणून जांभळट उजेडाच्या महागड्या नळ्या निघाल्या. पान तांबडा व निळा प्रकाश अधिक शोषून घेतें, हिरवा कांहींसा परतवितें, म्हणून हिरवा वगळावा, असा त्यामागील तर्क. तो ऐकावयास सयुक्तिक वाटतो. पण कीथ मॅक्री ह्या शास्त्रज्ञानें १९७२ सालीं बावीस पिकांच्या पानांवर निरनिराळ्या रंगांचे प्रकाश पाडून काटेकोर मोजमाप प्रसिद्ध केलें, आणि हिरव्या प्रकाशाचाही पान चांगलाच उपयोग करून घेतें असें ठरलें. जांभळ्या दिव्याचा मोठा आधार त्याच वेळीं ढासळला. दुकानांत मात्र तो दिवा अद्याप ऐटींत उभा आहे.

त्याचें कारण पुढच्या दिव्याच्या इतिहासांत सांपडतें. तांबडा एलईडी १९६२ सालीं निक होलोन्याक ह्यांनीं तयार केला. १९९१ सालीं अमेरिकेंतील विस्कॉन्सिन येथील संशोधकांनीं तांबड्या एलईडीखालीं सॅलडचीं रोपें वाढविल्याचें प्रसिद्ध केलें. उद्देश हा कीं, अंतराळयानांत थोड्या जागेंत, थोड्या विजेवर भाजी व्हावी. निळा रंग मिळविण्यासाठीं त्यांना प्रकाशनळीचाच आधार घ्यावा लागला, कारण उपयोगी पडेल असा तेजस्वी निळा एलईडी तेव्हां नव्हताच. तो नंतरच्या दोन-तीन वर्षांत जपानांत शूजी नाकामुरा ह्यांनीं साधला. अकासाकी व अमानो ह्यांच्यासह त्यांना २०१४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. तांबडा आणि निळा एकत्र आले कीं जांभळा दिवा होतो, आणि हाच अंतराळांतला दिवा म्हणून घरगुती बागवानाला विकला जातो. पण निळ्या एलईडीवर पिवळा लेप चढविला कीं पांढरा उजेड मिळतो, आणि तोच आज घरोघर जळतो. हिंदुस्थान सरकारनें ५ जानेवारी २०१५ रोजीं उजाला योजना सुरू केली. सरकारी घाऊक खरेदींत एका एलईडी दिव्याची किंमत २०१४ सालीं ३१० रुपये होती, ती २०१६ पर्यंत ३८ रुपयांवर आली. ही घसरण कोणी टोमॅटोच्या रोपांसाठीं घडवून आणली नव्हती. पण प्रत्येक युगांत रोपाच्या वाट्याला माणसासाठीं केलेला दिवाच आला, आणि ह्या खेपेस तो स्वस्त आला एवढेंच.

म्हणून दिंडोशीच्या गृहस्थानें लोहार चाळींत अथवा कोपऱ्यावरच्या विजेच्या दुकानांत जाऊन साधी चार फुटी, वीस वॅटची पांढरी एलईडी पट्टी मागावी. ती दोनशें ते चारशें रुपयांत मिळते. खोक्यावरील वॅटचा आंकडा वीज किती जळते तें सांगतो, उजेड किती पडतो तें नव्हे. उजेडासाठीं ल्युमेनचा आंकडा पाहावा. वीस वॅटच्या पट्टीवर तो दोन हजारांच्या आसपास असावा. जांभळ्या दिव्यांच्या खोक्यावर पुष्कळदां हजार वॅट छापलेले असतात आणि प्रत्यक्षांत तो दिवा त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकीही वीज ओढीत नाहीं. ल्युमेन तर बहुधा लिहिलेलेच नसतात.

आतां पुरेसा उजेड म्हणजे किती? भर दुपारच्या उन्हांत सुमारें एक लाख लक्स उजेड असतो, आणि रात्रीं दिवाणखान्यांत दोनशें-तीनशें. माणसाचा डोळा ह्या दोन्हींशीं जुळवून घेतो, म्हणून खोली आपणांस उजळ भासते. रोपाला तसें जुळवून घेतां येत नाहीं. भाजीच्या कोवळ्या रोपाला सहा-सात हजार लक्स तरी हवेत, आणि दहा-बारा हजार मिळाले तर उत्तम. फूटभर रुंद, चार फूट लांब फळीवर शेजारीं शेजारीं दोन पट्ट्या वीतभर उंचीवर टांगल्या कीं पहिली मर्यादा गांठतां येते. छताला लावलेल्या त्याच पट्ट्या कुचकामाच्या, कारण अंतर वाढलें कीं उजेड झपाट्यानें घटतो. रोप वाढेल तशी पट्टी वर उचलावी लागते. त्यासाठीं दोरी किंवा सांखळी बरी. उन्हाची तूट वेळ वाढवून भरून काढावयाची असल्यामुळें दिवा रोज चौदा ते सोळा तास हवा, आणि तो लावण्या-मालवण्याचें काम टायमरकडे सोंपवावें. चाळीस वॅट चौदा तास जाळले तर महिन्याला सुमारें सतरा युनिटें होतात. दर युनिटला आठ-दहा रुपये धरले तरी खर्च दीडशें रुपयांच्या आसपास. रोपवाटिकेंत तयार रोपें ह्याहून स्वस्त पडतील, हें मान्य केलेंच पाहिजे. ज्याला हवी ती जात हव्या त्या वेळीं पेरावयाची आहे, त्यालाच हा खटाटोप परवडतो.

बीं रुजेपर्यंत दिव्याची घाई नसते. पहिला कोंब मातीबाहेर दिसला कीं त्याच दिवशीं दिवा लावावा. दोन दिवसांची दिरंगाई झाली तर देठ लांबतो, आणि लांबलेला देठ पुन्हां आंखूड होत नाहीं. टोमॅटोचें असें रोप पुनर्लावणींत पहिल्या पानांपर्यंत मातींत पुरून सांवरतां येतें, कारण त्याच्या देठाला मुळें फुटतात. मिरचीला ही सवलत तितकीशी नाहीं. भाद्रपदांत पेरलेलीं रोपें आश्विनांत चार-पांच पानांवर येतात. तीं एकदम उन्हांत नेलीं तर पांढरीं डागाळतात. म्हणून पहिल्या दिवशीं सज्जांत तासभर सांवलींत, दुसऱ्या दिवशीं दोन तास, असें करीत आठवड्यानें त्यांना उन्हाला सरावावें लागतें. तोंवर पाऊस ओसरलेला असतो, घट बसलेला असतो, आणि फळीवरची जागा कोथिंबीर व मेथी ह्यांच्यासाठीं मोकळी झालेली असते.