कंदीय फुलझाडांचा घरगुती संकर

कंदापासून वाढणाऱ्या फुलझाडांच्या दोन जातींचे वा वाणांचे हाताने परागण करून बियांपासून नवे वाण मिळविण्याची क्रिया. निशिगंध (गुलछडी), हिपीस्ट्रम, क्रायनम व पावसाळी लिली ही आपल्या बागांतील अशी परिचित फुलझाडे होत. त्यांची अभिवृद्धी मुख्य कंदालगतच्या लहान कंदांपासून करतात. त्यामुळे मूळ झाडाचे गुण टिकतात. नवीन वाण मात्र मुख्यतः बियांतूनच निपजतो. या विद्येचा पाया संशोधन संस्थांत नव्हे, तर हौशी लोकांच्या बागांत घातला गेला.

लायडन (हॉलंड) येथील ले कूर याने निशिगंधाचा दुहेरी फुलांचा प्रकार बियांपासून मिळविला. हे फूल यूरोपात आपल्याखेरीज कोणाकडेही नसावे, म्हणून तो जादा कंद कापून टाकीत असे, अशी नोंद इंग्रज उद्यानतज्ञ फिलिप मिलर (१६९१–१७७१) याने केली आहे. याउलट वृत्तीचा आर्थर जॉन्सन हा लँकशरमधील प्रेस्कट येथील घड्याळजी. त्याने १७९९ मध्ये हिपीस्ट्रमच्या दोन जातींचा संकर केला. लाल पाकळ्यांवर पांढरा पट्टा असलेला हा संकरज त्याच्या नावाने ओळखला जातो. जॉन्सनची स्वतःची झाडे पुढे नष्ट झाली. परंतु काही कंद त्याने लिव्हरपूलच्या वनस्पति-उद्यानास आधीच दिले होते, म्हणूनच हा वाण वाचला.

धर्मोपदेशक विल्यम हर्बर्ट (१७७८–१८४७) याने अशा प्रयोगांना शास्त्रीय बैठक दिली. त्याने हिपीस्ट्रमच्या एकाच कंदाच्या तीन फुलांना स्वतःचे व चौथ्याला संकरजाचे पराग लावले. पहिल्या तिन्हींची वाढ थांबली, चौथ्याचे फळ मात्र जोमाने वाढले. डार्विनने १८५९ च्या ग्रंथात या प्रयोगाचा आधार घेतला. हर्बर्टने क्रायनमच्या एका जातीला विल्यम कॅरीचे नाव दिले. १८०५ मध्ये मराठी व्याकरण प्रसिद्ध करणारे कॅरी ते हेच. कलकत्त्यातील कृषि-उद्यान संस्था त्यांनी १८२० मध्ये स्थापिली. त्याच संस्थेचे सिडनी पर्सी-लँकास्टर यांनी विसाव्या शतकात हिपीस्ट्रम व पावसाळी लिलीचे अनेक संकरज निर्माण केले.

निशिगंध मूळचा मेक्सिकोतील. एकेरी व दुहेरी प्रकारांच्या संकरातून बंगलोरच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने ‘शृंगार’ व ‘सुवासिनी’ हे वाण काढले. ‘शृंगार’ व मेक्सिकन एकेरी प्रकार यांपासून ‘प्रज्वल’ मिळाला. ‘फुले रजनी’ हा वाण राहुरी (जि. अहमदनगर, आता अहिल्यानगर) येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा (स्थापना १९६८).

याच जिल्ह्यातील भिंगारसारख्या कोरड्या हवेच्या गावी परसातील कुंडीत प्रयोगास हिपीस्ट्रम सर्वांत सोयीचे. ते पावसाळ्यापूर्वी फुलते, त्यामुळे पराग भिजत नाहीत. फूल उमलताच परागकोश फुटण्याआधी काढून टाकतात. किंजल्काचे तिन्ही भाग उघडून चिकट झाले, की त्यावर दुसऱ्या झाडाचे पराग सकाळी लावतात. सुमारे महिना-दीड महिन्यात फळ तडकते. आतील काळ्या, कागदासारख्या पातळ बिया लगेच पेराव्या लागतात, कारण त्यांची उगवणक्षमता लवकर घटते. पहिले फूल येण्यास साधारणतः तीन वर्षे लागतात. बहुतेक रोपे मातापित्यांहून सरस ठरत नाहीत. म्हणून एका जोडीची पुष्कळ रोपे वाढवून त्यांतून निवड करतात. कुंडीवर मातापित्यांची नावे व परागणाची तारीख लिहिलेली पट्टी असावी. ती हरवल्यास चांगला निघालेला संकर पुन्हा करता येत नाही.