वारल्यांची जमीन आणि त्यांचा रोष



मुंबईच्या गोठ्यांना आणि तबेल्यांना एके काळीं लागणाऱ्या गवताचा मोठा पुरवठा जुन्या ठाणें जिल्ह्याच्या उत्तर टोंकाकडून, डहाणू आणि उंबरगांव या तालुक्यांतून, आगगाडीनें होत असे. शहरांतल्या घरोघरच्या दुधाशीं त्या गवताचा संबंध होता. पण तें कापणारा वारली त्या घरांना ठाऊक नव्हता. आज त्याची हकीकत सांगावयाची आहे. आदिवासी मुलुखांत लाल बावटा कां रुजला, आणि पुढें कांहीं ठिकाणीं बंदूक कां उचलली गेली, हें तिच्यावरून समजण्यासारखें आहे.

वारली हा त्या डोंगरपट्टीचा जुना कसणारा. इंग्रजी अमलांत सारा रोखीनें भरावा लागूं लागला. रोकड सावकाराजवळ होती. वारल्याजवळ फक्त अंगठा होता. तो कागदावर उमटला, व्याज मुदलाहून वाढलें, आणि जमीन रीतसर सावकाराच्या नांवावर चढली. जुना धनी आपल्याच शेतांत कूळ झाला. १८७८ च्या जंगल कायद्यानें रानाचीही वाट अडली. राबासाठीं पालापाचोळा आणि घरासाठीं वासा आणणें हा अपराध ठरूं लागला.

जमीन गेल्यावर माणूसही गहाण पडला. पावसाळ्यांत घरांतलें धान्य संपलें कीं जमीनदाराकडून खावटी आणावी आणि सुगींत ती वाढीदिढीनें फेडावी. लग्नासाठीं थोडे रुपये घेतले कीं नवरा-बायकोनें सावकाराच्या दारीं वर्षानुवर्षें राबावें. अशा गड्याला ‘लग्नगडी’ म्हणत. या वेठीचें वर्णन सायमिंग्टन या सरकारी अधिकाऱ्यानें दुसऱ्या महायुद्धापूर्वींच आपल्या अहवालांत केलें होतें. सरकारला सर्व माहीत होतें. वेठ मात्र चालूच राहिली.

जानेवारी १९४५ मध्यें टिटवाळा येथें किसान सभेची परिषद भरली. उंबरगांवाकडचे थोडे वारली तेथें जाऊन आले. त्याच वर्षीं २३ मे रोजीं झरी या गांवीं हजारों वारली जमले. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या साक्षीनें ठरलें तें इतकेंच: वेठ करावयाची नाहीं, आणि मजुरी मिळाल्यावांचून काम करावयाचें नाहीं. पुढें लग्नगडी सुटूं लागले.

पावसाळा सरतांच गवतकापणीच्या मजुरीसाठीं संप झाला. गोदावरीबाईंच्या जिवाला धोका आहे अशी आवई उठली आणि १० ऑक्टोबरला तलवाडा येथें वारल्यांचा प्रचंड जमाव लोटला. त्यावर पोलिसांनीं गोळ्या झाडल्या. जेठ्या गांगड आणि त्याचे चार सोबती पडले. पुढाऱ्यांना जिल्ह्याबाहेर काढण्यांत आलें, तरी संप मोडला नाहीं.

या लोकांनीं कोणताही राजकीय सिद्धांत वाचलेला नव्हता. त्यांना माणसासारखें वागविणारे जे प्रथम आले, त्यांचें निशाण त्यांनीं आपलें मानलें. दुसरें निशाण त्यांच्या पाड्यापर्यंत आलेंच नव्हतें.

हीच कथा बंगालच्या उत्तरेस नक्षलबारींत घडली, पण तिचा शेवट निराळा झाला. तेथेंही तंटा बटाईनें कसलेल्या जमिनीचा होता. २५ मे १९६७ रोजीं पोलिसांच्या गोळीबारांत अकरा जण मेले. त्यांत बहुतेक स्त्रिया होत्या. त्या ठिणगीतून सशस्त्र चळवळ उभी राहिली. १९८० च्या सुमारास ती गडचिरोलींत शिरली, तेव्हां तिला पाय रोवावयास जागा दिली ती तेंदूपानाच्या आणि बांबूच्या तुटपुंज्या मजुरीनें. पुढें दोन्ही बाजूंच्या बंदुकांमध्यें सांपडला तोही आदिवासीच.

कायदे झाले नाहींत असें नाहीं. १९४८ चा कूळकायदा झाला. आदिवासींच्या गेलेल्या जमिनी परत करण्याचा महाराष्ट्राचा कायदा १९७४ सालचा. वनहक्काचा कायदा २००६ सालचा. त्या शेवटच्या कायद्यान्वयें गडचिरोलींतल्या मेंढा या लहानशा गांवाला २००९ मध्यें आपल्या रानावरचा सामूहिक हक्क मिळाला, आणि तो मिळविण्यासाठीं त्या गांवानें बंदूक हातीं धरली नव्हती.

सायमिंग्टनचा अहवाल आणि तलवाड्याचा गोळीबार यांमध्यें सात-आठ वर्षांहून अधिक काळ गेला नव्हता. तेवढ्या अवधींत वेठ बंद करणें सरकारच्या हातीं होतें. तें झालें असतें, तर जेठ्या गांगड त्या रात्रीं घरीं असता.