उमा की यमुना?

मुलीचं नाव ठरवणं हे इतकं डोकेफोडीचं काम असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. महिन्याभरापूर्वी आमच्याकडे कन्यारत्न आलं आणि माझ्यातल्या इंजिनियरने सवयीप्रमाणे एक्सेल शीट उघडली. एक्केचाळीस नावं, पाच निकष. उच्चार सोपा हवा, अर्थ बरा हवा, स्पेलिंग एकाच पद्धतीने होणारं हवं, वर्गात त्याच नावाच्या आणखी तिघी नकोत आणि चिडवायला सोपं नको. पंधरा दिवसांनी शीटमध्ये दोन नावं उरली. उमा आणि यमुना.

गंमत म्हणजे ही दोन्ही नावं एकाच बाईची आहेत. माझ्या आजीची.

आजी आम्हाला उमा म्हणूनच माहीत. रेशनकार्डापासून आधारकार्डापर्यंत सगळीकडे उमा. म्हणून बाबांनी "आईचं नाव ठेवू" म्हटल्यावर कोणाची हरकत नव्हती. छोटं, गोड, शिवाय आता पुन्हा फॅशनमध्ये आलेलं. पण बाळाच्या दुपट्यांसाठी जुनी मऊ लुगडी काढायला म्हणून आजीची पत्र्याची ट्रंक उघडली, आणि तळाशी एक शाळा सोडल्याचा दाखला सापडला. त्यावर नाव होतं कु. यमुना. १९५७ साली लग्न झालं तेव्हा आजोबांनी ताटातल्या तांदळावर अंगठीने 'उमा' लिहिलं. आजोबांचं नाव शंकर. शंकराची कोण, तर उमा. विषय संपला.

बायकोने तो दाखला दोनदा वाचला आणि म्हणाली, "मग यमुनाच ठेवू या." बाबांना ते पटेना. घरात सरळ दोन पक्ष पडले. मी कुंपणावर. आणि कुंपणावर बसलेला माणूस जे करतो ते मी केलं, म्हणजे पुस्तकं काढली.

पहिला धक्का असा की आपल्या इतिहासात यमुना नावाच्या मुली मोठ्या झाल्या, पण यमुना या नावाने नाही. १८६५ साली जन्मलेल्या यमुनेचं वयाच्या नवव्या वर्षी, १८७४ साली, पोस्टखात्यात नोकरी करणाऱ्या गोपाळराव जोशींशी लग्न झालं आणि ती आनंदी झाली. याच आनंदीबाई जोशी १८८६ साली फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या आणि पुढच्याच वर्षी, वयाची बावीस वर्षं पुरी व्हायच्या आत, पुण्यात गेल्या. त्यांच्या अस्थी अमेरिकेत थिओडिशिया कार्पेंटर या त्यांच्या मानलेल्या मावशीकडे पाठवण्यात आल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सीच्या दफनभूमीत त्यांच्या नावाचा दगड आहे. शुक्र ग्रहावरच्या एका विवराला 'जोशी' हे नाव त्यांच्यासाठीच दिलंय. दगडावर आनंदीबाई, शुक्रावर जोशी. यमुना कुठेच नाही.

दुसरी यमुना देवराष्ट्र्याच्या कुर्लेकरांची. १८७३ साली, अकराएक वर्षांची असताना, तिचं न्यायमूर्ती रानड्यांशी लग्न झालं. न्यायमूर्तींचं नाव महादेव असलं तरी सगळे माधवराव म्हणत. माधव म्हणजे विष्णू, मग बायको रमा. याच रमाबाई रानडे. पुढे पुण्याचं सेवासदन त्यांनी उभं केलं आणि १९१० साली 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे पुस्तक लिहिलं. (एका वर्षाच्या अंतराने दोन यमुना बोहल्यावर चढल्या, एक आनंदी होऊन उतरली आणि दुसरी रमा होऊन.)

मग मला छंदच लागला. टिळकांच्या पत्नी सत्यभामाबाई माहेरच्या तापी. 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक माहेरच्या मनकर्णिका गोखले. नवरा नारायण, म्हणून बायको लक्ष्मी. झाशीची राणीसुद्धा आधी मनकर्णिकाच. म्हणजे दोन मनकर्णिका गेल्या आणि दोन लक्ष्मीबाई आल्या.

यमुना, तापी... नद्या फार दिसायला लागल्या म्हणून थोडं आणखी खणलं. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात कोणत्या मुलीशी लग्न करू नये याची एक यादी आहे. त्यात नक्षत्र, झाड, नदी, डोंगर, पक्षी, साप यांची नावं असलेल्या मुली येतात! क्षणभर वाटलं, सापडलं कारण. पण हा तर्क टिकत नाही. एक तर मराठी घरांनी हा नियम कधी मनावर घेतलेला दिसत नाही. गंगा, यमुना, गोदावरी, कृष्णा, तापी अशा नावांच्या मुली घरोघर होत्या आणि त्यांची लग्नंही व्यवस्थित होत होती. शिवाय मनकर्णिका ही काही नदी नव्हे, तरी ते नाव गेलंच. नाव वाईट होतं म्हणून बदललं असं नाहीच. ते माहेरचं होतं, एवढं कारण पुरेसं होतं.

आमच्या भाषेत सांगायचं तर मुलीचं पहिलं नाव म्हणजे टेम्पररी व्हेरिएबल. लग्नापर्यंत चालवायचं, मग दुसऱ्या घरच्या माणसाने त्यात नवी किंमत भरायची. रमा आणि लक्ष्मी ही नावं सुंदर आहेत, पण ती नवऱ्याच्या नावाला जोडून बेतलेली. आमच्या आजीचं उमाही तसंच. आजोबांचं नाव विष्णू असतं तर ती आज कमलाआजी असती.

यातली सगळ्यात बोलकी गोष्ट मला एकाच घरात सापडली. कर्व्यांच्या. गोदावरी नावाची मुलगी आठव्या वर्षी विधवा झाली. गोदूबाई पुढे पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकली. हे सदन १८८९ साली मुंबईत निघालं आणि गोदूबाई तिथल्या अगदी पहिल्या विद्यार्थिनींपैकी. १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांनी तिच्याशी पुनर्विवाह केला. त्या काळात हे केवढं धाडस होतं! मुरूडला गावाने कर्व्यांना वाळीत टाकलं. पण गंमत बघा, रूढी मोडणाऱ्या त्या लग्नातही नाव बदलण्याची रूढी शाबूत राहिली. गोदूबाई आनंदीबाई झाल्या. घरात मात्र त्यांचं लहानपणीचं बाया हेच नाव टिकलं आणि आज आपण त्यांना बाया कर्वे म्हणूनच ओळखतो. म्हणजे तांदळातल्या नावाचा हाकेने पराभव केला म्हणायचं.

आता याच घरातली पुढची पिढी. १९०५ साली ब्रह्मदेशात करमरकरांकडे मुलगी झाली. वडिलांनी तिथल्या मोठ्या नदीवरून तिचं नाव इरावती ठेवलं. हीच मुलगी पुढे दिनकर कर्व्यांशी लग्न करून बायांची सून झाली. आणि तिचं नाव कोणी बदललं नाही. 'युगान्त' लिहिणाऱ्या इरावती कर्वे त्या याच. सासूची नदी उंबरठ्यावर आटली आणि सुनेची नदी तशीच वाहत राहिली. मधे एकच पिढी. याला ना कायदा लागला, ना आंदोलन. नाव बदलायलाच हवं असा कायदा नव्हताच मुळी. घराने ठरवलं की प्रथा थांबते, एवढाच त्याचा अर्थ.

तरी एक गोष्ट मला खुपत होती. लग्नानंतर मिळालेलं नाव म्हणजे लादलेलं आणि म्हणून खोटं, असं म्हणता येईल का? स्मृतिचित्रे मनकर्णिकेने लिहिलं की लक्ष्मीबाईंनी? अमेरिकेला जाणाऱ्या बोटीवर यमुना चढली की आनंदी? नाव दुसऱ्याने दिलं असेल, पण त्यात आयुष्य भरलं ते त्यांनीच. आमच्या आजीनेही उमा या नावाने चार मुलं वाढवली, शिवणाचे क्लास चालवले, आजोबा गेल्यावर घर सावरलं. ते नाव आता आजोबांचं राहिलंय कुठे?

याच शोधात २०११ सालची साताऱ्याची बातमी पुन्हा वाचली. मुलगा हवा असताना मुलगी झाली म्हणून जिचं नाव नकुशी ठेवलं, अशा २८५ मुलींना त्या ऑक्टोबरमध्ये एका समारंभात नवी नावं देण्यात आली. कित्येकींनी आपलं नाव स्वतः निवडलं, कोणी नट्यांवरून, कोणी देवीवरून. वाचताना लक्षात आलं की मी इतके दिवस पुस्तकं उलथी केली, घरात भांडणं ऐकली, पण जिची ही दोन्ही नावं आहेत तिला कोणी विचारलंच नव्हतं. एकशे साठ वर्षांचा इतिहास वाचून आम्ही पुन्हा तेच करत होतो!

रविवारी दुपारी आजी ओसरीत शेंगा सोलत बसली होती. मी विचारलं, "आजी, तुझं कुठलं नाव ठेवू? उमा की यमुना?"

तिने वर न बघता विचारलं, "दाखला सापडला वाटतं?"

मग थोडा वेळ शेंगाच सोलल्या. मला वाटलं, आता डोळ्यांत पाणी वगैरे येणार. तसलं काही झालं नाही.

"उमा कशाला? ते मी वापरतेय अजून," आजी म्हणाली. "जित्या माणसाचं नाव ठेवत नाहीत. यमुना रिकामं पडलंय. आई-अण्णा गेले, थोरली गेली. त्या नावाने हाक मारणारं आता कोणी उरलं नाही. ते घ्या."

बाबा आत पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली ठेवला आणि पुन्हा वर घेतला. त्यानंतर घरात उमाचा विषय निघाला नाही.

बारशाला माझ्या बहिणीने, म्हणजे आत्याबाईंनी, कानात कुर्रर्र करून नाव सांगितलं. परवा जन्मदाखल्याचा फॉर्म भरला. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आपल्याकडे आधी आईचं आणि मग वडिलांचं नाव लावतात, त्यामुळे यमुनेच्या शेजारी आता तिची आई आहे आणि मी तिसऱ्या नंबरावर. पुढेमागे तिला हे नाव आवडलं नाही तर तिने खुशाल बदलावं. गॅझेटचा फॉर्म मी भरून देईन.

सध्या तिला यमे म्हणून हाक मारण्याचा मक्ता एकाच व्यक्तीकडे आहे. आजी दुपारी पाळण्यापाशी बसते आणि कारण नसताना हाका मारत राहते.