लाइटनिंग नेटवर्कमध्ये पेमेंटची वाट कशी निवडली जाते?

लाइटनिंग नेटवर्क हे बिटकॉइनच्या रकमा झटपट पाठवण्यासाठी उभारलेले जाळे आहे. जोसेफ पून आणि थॅडियस ड्रायजा यांनी २०१५ मध्ये त्याची कल्पना मांडली. २०१८ पासून ते खऱ्या बिटकॉइनसह वापरात आले. बिटकॉइनच्या ब्लॉकचेनवर व्यवहार नोंदला जायला सरासरी दहा मिनिटे लागतात. लाइटनिंगवर तोच व्यवहार काही सेकंदांत होतो. मात्र त्यासाठी आधी वाट सापडावी लागते, आणि नेमके तेच काम वाटते त्यापेक्षा बरेच अवघड आहे.

या जाळ्यात दोघे जण मिळून काही रक्कम ब्लॉकचेनवर अडकवून ठेवतात. याला चॅनेल म्हणतात. त्यानंतर दोघांमधली देवाणघेवाण ब्लॉकचेनला न कळवता होते. फक्त आपापसातला हिशेब बदलत राहतो. लहान मुलांच्या पाटीवरची मण्यांची तार डोळ्यांसमोर आणावी. मणी एकूण दहा असतील तर ते कायम दहाच राहतात, फक्त इकडून तिकडे सरकतात. सगळे मणी पलीकडे गेले की अलीकडच्याला पुढे काही सरकवता येत नाही.

ज्याच्याशी थेट चॅनेल नाही त्याला पैसे मधल्या नोडमार्फत जातात. प्रत्येक टप्प्यावर रक्कम एका गुप्त आकड्याच्या कुलपात ठेवली जाते. किल्ली असते शेवटी पैसे घेणाऱ्याकडे, त्यामुळे मधल्या कोणालाही पैसे घेऊन पसार होता येत नाही. संपूर्ण वाट पाठवणाराच ठरवतो आणि कांद्याच्या पापुद्र्यांसारखी गुंडाळून पाठवतो. मधल्या नोडला आपल्या मागचा आणि पुढचा, एवढेच दोघे दिसतात.

नकाशा आहे, पण अर्धवट

वाट ठरवायला पाठवणाऱ्याकडे नकाशा असतो. कोणाकोणात चॅनेल आहे, त्याची एकूण क्षमता किती, तिथून जायचे शुल्क किती, हे नोड एकमेकांना कळवत असतात. तारेवर मणी किती ते कळते. कोणत्या बाजूला किती, हे मात्र सांगितले जात नाही. एक तर शिल्लक प्रत्येक पेमेंटला बदलते. ती सतत कळवत राहिले तर सारे जाळे त्या निरोपांनीच भरून जाईल. शिवाय शिल्लक कशी बदलते हे पाहून कोणी कोणाला पैसे दिले याचा माग काढता येईल.

त्यामुळे सुरुवातीची पद्धत सरळ होती. सर्वांत स्वस्त वाट शोधायची, पैसे पाठवून पाहायचे, अडले तर ते चॅनेल वगळून दुसरी वाट धरायची. छोट्या रकमांना हे चालून जाते. मोठ्या रकमेला मात्र पुन्हा पुन्हा नकार येतो, आणि स्वस्त वाटेचा तर वेगळाच घोटाळा आहे. स्वस्त म्हणून सगळे तिथूनच जातात, त्यामुळे तिथले मणी एका बाजूला जाऊन बसण्याची शक्यता अधिक.

नकार लगेच आला तर फारसे बिघडत नाही. पण मधला एखादा नोड गप्प बसला तर पैसे कुलपातच अडकतात, कधीकधी कित्येक तास. वाट जितकी लांब तितकी ही मुदत वाढते. तोवर दुसऱ्या वाटेने पुन्हा पाठवावे तर दोनदा पैसे जाण्याची भीती असते. म्हणून पहिल्याच प्रयत्नात वाट नीट निवडण्याला महत्त्व आहे.

अज्ञानाचाच हिशेब

२०२१ मध्ये रेने पिकहार्ट आणि स्टेफान रिक्टर यांनी प्रश्नाकडे वेगळ्या बाजूने पाहिले. शिल्लक माहीत नाही ना, मग तिची शक्यता मोजायची. समजा चॅनेलची क्षमता १० लाख सातोशी आहे (एका बिटकॉइनचे १० कोटी सातोशी होतात). पाठवणाऱ्याच्या बाजूची शिल्लक शून्यापासून १० लाखांपर्यंत कितीही असू शकते असे मानले, तर १ लाख पार होण्याची शक्यता सुमारे ९० टक्के आणि ८ लाख पार होण्याची फक्त २० टक्के. अशी चार चॅनेल ओलांडायची असतील तर शक्यतांचा गुणाकार करावा लागतो. १ लाखाला ६६ टक्क्यांच्या आसपास शक्यता उरते, ५ लाखांना जेमतेम सहा टक्के. तेच ५ लाख १ कोटी क्षमतेच्या चॅनेलमधून ९५ टक्के शक्यतेने जातात. म्हणजे थोडी महाग पण रुंद वाट पुष्कळदा परवडते.

रकमेचे तुकडे करण्यामागेही हेच गणित आहे. ८ लाख एकाच चॅनेलमधून पाठवले तर यशाची शक्यता २० टक्के. तेवढ्याच क्षमतेच्या दोन समांतर चॅनेलमधून चार-चार लाख पाठवले तर प्रत्येकी ६० टक्के, आणि दोन्ही पोहोचण्याची ३६ टक्के. तुकडे किती करायचे आणि कोणत्या वाटांनी धाडायचे हा प्रश्न मग मालवाहतुकीच्या नियोजनात फार पूर्वीपासून सोडवल्या जाणाऱ्या गणितासारखा होतो: कमीत कमी खर्चात जास्तीत जास्त माल पोहोचवणे.

यात एक खडा लागतो तो शुल्काच्या रचनेचा. नोड रकमेच्या प्रमाणात शुल्क घेतातच, पण अनेकदा दर व्यवहारामागे एक ठराविक आकारही लावतात. प्रत्येक तुकड्याला तो आकार नव्याने पडतो आणि सर्वोत्तम वाटप काढणे संगणकालाही जड जाते. हा आकार शून्य करावा की नाही यावर विकासकांमध्ये बरीच वादावादी झाली.

नकारातून मिळणारी माहिती

पेमेंट अडले की कुठे अडले याचा निरोप परत येतो. १० लाखांच्या चॅनेलमध्ये ४ लाख अडले, तर तिथे ४ लाखांपेक्षा कमी आहेत हे नक्की झाले. आता २ लाखांची शक्यता ८० टक्क्यांवरून ५० वर येते. त्याआधीच्या टप्प्यांवर निदान ४ लाख होते, हेही कळते. पण ही माहिती लवकर शिळी होते. एलएनडी या सॉफ्टवेअरमधली ‘मिशन कंट्रोल’ ही व्यवस्था जुन्या नकाराचे वजन काळानुसार कमी करत जाते. मूळ मांडणीत दर तासाला ते निम्मे होते. प्रत्यक्षात मणी बहुधा एका टोकाला जमलेले असतात, मध्यावर क्वचितच. म्हणून तसे गृहीत धरणारी आकडेमोडही पुढे त्यात आली.

या माहितीची दुसरी बाजू मात्र अडचणीची आहे. खोट्या कुलपाचे पेमेंट पाठवून कोणीही नकार गोळा करू शकतो. दर वेळी रक्कम निम्म्याने कमी-जास्त करत गेले तर १० लाखांच्या चॅनेलची शिल्लक सुमारे २० प्रयत्नांत सातोशीपर्यंत कळते, तीही एक पैसा खर्च न करता. वाट शोधायला उपयोगी पडणारी प्रत्येक युक्ती टेहळणीलाही उपयोगी पडते.

मोबाइलवर सगळा नकाशा सांभाळणेच कठीण, म्हणून ‘ट्रॅम्पोलिन’ नावाची सोय निघाली. तिच्यात फोन एखाद्या मोठ्या नोडला पैसे कुठे पोहोचवायचे तेवढे सांगतो आणि वाट शोधायचे काम त्याच्यावर सोपवतो. फिनिक्स हे वॉलेट असे चालते. वाट सापडते, पण मध्ये असा एकच नोड असेल तर पैसे कोणाला चालले आहेत हे त्याला कळू शकते. एकापेक्षा अधिक ट्रॅम्पोलिन नोड जोडले तर ही माहिती विभागली जाते, आणि प्रत्येक जास्तीच्या नोडबरोबर शुल्क वाढते.