पांढुर्णा-सौंसर परिसरातील उद्योग आणि स्वयंचलित नियंत्रण यंत्रणांची सुरक्षितता : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना
कारखान्याची सुरक्षा म्हटली की फाटक, पहारेकरी आणि कुंपण डोळ्यांसमोर येते. स्वयंचलित यंत्रे आल्यावरही बराच काळ हीच समजूत टिकून राहिली. ती अपुरी का ठरली, याचा विचार प्रस्तुत लेखात मध्य प्रदेशातील पांढुर्णा व सौंसर या मराठीभाषक तालुक्यांच्या संदर्भात केला आहे.

स्थानिक पार्श्वभूमी
हा भाग नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात व पुढे मध्य प्रांतात होता. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला; हे तालुके मात्र मध्य प्रदेशातच राहिले. ऑक्टोबर २०२३ मध्ये ते छिंदवाडा जिल्ह्यातून वेगळे होऊन पांढुर्णा जिल्हा अस्तित्वात आला. कापूस, संत्री आणि सौंसरकडील मँगनीज ही येथील जुनी ओळख. कापसाच्या जिनिंगमध्ये यंत्र केव्हा चालवायचे व केव्हा थांबवायचे, हे कामगाराच्या हाती असे. १९९१ मध्ये सौंसर तालुक्यातील बोरगाव औद्योगिक क्षेत्रात रेमंडचा कापड कारखाना उभा राहिला आणि आधुनिक वस्त्रोद्योग या शेतीप्रधान भागात आला.

नियंत्रणाचे हस्तांतर
तोपर्यंत जगभरातील कारखान्यांत नियंत्रण माणसाच्या हातून यंत्राकडे जाऊ लागले होते. १९६८ मध्ये अमेरिकेतील जनरल मोटर्सने रिलेंच्या किचकट जोडण्यांना पर्याय मागितला. त्यातून १९६९ मध्ये ‘मॉडिकॉन ०८४’ हा प्रोग्रॅमेबल लॉजिक कंट्रोलर, म्हणजे पीएलसी, तयार झाला. १९७९ मध्ये मॉडिकॉनने यंत्रांच्या परस्पर संदेशांसाठी ‘मॉडबस’ पद्धत आणली. आज्ञा देणारा कोण, हे तपासण्याची सोय तीत नव्हती. तशी गरजही वाटली नाही, कारण तार कारखान्याच्या आतच संपत असे. पुढे उत्पादनाचे आकडे कार्यालयात हवे झाले, दुरून दुरुस्तीची सोय हवी झाली आणि जुनी यंत्रे संगणकजाळ्याला जोडली गेली. कुंपण जागेवरच होते. तार मात्र त्यापलीकडे गेली.

धोक्याचे स्वरूप
२०१० मध्ये उघडकीस आलेल्या ‘स्टक्सनेट’ने इराणमधील नतान्झ येथील सेंट्रिफ्यूज यंत्रांची गती बिघडविली आणि पडद्यावर मात्र सारे सुरळीत असल्याचे दाखविले. वस्त्रोद्योगाने यातून बोध घेण्याजोगा आहे. पॉलिएस्टर सामान्यतः सुमारे १३० अंश सेल्सिअसला, बंद दाबपात्रात रंगविले जाते. तेथे पडद्यावरचा आकडा खोटा असेल तर प्रश्न बिघडलेल्या कापडापुरता राहत नाही; पात्राजवळ उभ्या असलेल्या कामगाराच्या जिवाचा होतो.

जून २०१७ मधील ‘नॉटपेट्या’ हल्ल्यात मुंबईजवळील जवाहरलाल नेहरू बंदरातील मर्स्क समूहाच्या टर्मिनलचे काम विस्कळीत झाले. परदेशातील संघर्षाची झळ भारतातील मालवाहतुकीला अशी बसू शकते, हे त्यावरून दिसले.

उपाययोजना
अनुभवांतून ‘आयईसी ६२४४३’ ही मानकमालिका विकसित झाली. यंत्रणेचे विभाग पाडावेत व विभागांमधील प्रत्येक वाट राखावी, हे तिचे एक मुख्य सूत्र. भारतात ‘सर्ट-इन’ ही संस्था २००४ पासून कार्यरत आहे. तिच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाने ठराविक प्रकारच्या सायबर घटना सहा तासांत कळविणे बंधनकारक झाले. फेब्रुवारी २०२५ मध्ये रेमंडनेही माहिती-तंत्रज्ञान यंत्रणेतील सायबर घटनेची माहिती शेअर बाजाराला दिली. बाधित भाग वेगळे केले असून मुख्य कामकाजावर परिणाम झालेला नाही, असे कंपनीने कळविले. बाधित भाग वेगळा काढता येणे, हाच विभागणीचा खरा लाभ होय.

समारोप
नियंत्रण यंत्रणा परस्परविश्वासाच्या काळात घडल्या, जोडल्या गेल्या मात्र अविश्वासाच्या काळात. लहान जिनिंगलाही पहिले पाऊल परवडणारे आहे : कोणते यंत्र कशाला जोडले आहे याची यादी करणे, पुरवठादाराने दिलेला मूळ पासवर्ड बदलणे आणि हाताने यंत्र थांबविण्याची सोय चालू ठेवणे. महाविद्यालयात संगणक शिकणारा विद्यार्थी सहसा यंत्रापासून दूर असतो आणि आयटीआयमध्ये यंत्र शिकणारा संगणकजाळ्यापासून. ही दरी भरून काढणे या परिसरातील शिक्षकांच्या आवाक्यातील काम आहे.